दात रोपला, पण हिरडीचे काय?

चणे आहेत तर दात नाहीत आणि दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण ज्या काळात रूढ झाली त्या काळात गेलेला दात कायमचाच गेलेला असे. फार तर कवळी करून घ्यावी, रात्री ती पाण्याच्या पेल्यात ठेवावी आणि सकाळी पुन्हा बसवावी, एवढाच उपाय होता. आता त्या म्हणीची निम्मी बाजू तरी लटकी पडली आहे. जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवून त्यावर हुबेहूब दात उभा करण्याची विद्या केवळ मुंबई-पुण्याच्या धनिकांपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील दवाखान्यांच्या पाट्यांवरही ती झळकू लागली आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम बाजूला काढून दोन-चार दात बसवून घेणारे शिक्षक आणि कारकून आज दुर्मीळ नाहीत. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाने उतारवयात भाकरी चावून खाण्याचे सुख विकत घेतले, तर त्यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो या सुखाबरोबर दिल्या जाणाऱ्या आश्वासनाचा. हा दात किडत नाही, दुखत नाही, एकदा बसवला की जन्माची चिंता मिटली, असे रुग्णाला अनेकदा सांगितले जाते आणि तोही ते आनंदाने मानतो. हे आश्वासन अर्धसत्य आहे, आणि आरोग्याच्या व्यवहारात अर्धसत्य फार महाग पडते.

टायटेनियम किडत नाही हे खरे. परंतु त्याच्याभोवतीची हिरडी रक्तामांसाचीच असते. रोपलेल्या दाताभोवती जंतूंचा थर साचत गेला की हिरडीला सूज येते, जरा स्पर्श होताच ती रक्ताळते, आणि उपेक्षा तशीच चालू राहिली तर तिच्याखालचे हाड हळूहळू झिजू लागते. विकार हिरडीपुरता मर्यादित असतो त्या पहिल्या अवस्थेला दंतवैद्य ‘पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस’ म्हणतात आणि हाड गमावण्याच्या दुसऱ्या अवस्थेला ‘पेरी-इम्प्लांटायटिस’. नावे अवघड असली तरी विकार ओळखीचाच आहे. नैसर्गिक दातांभोवती होणाऱ्या ज्या रोगाला लोक पायरिया म्हणतात, त्याचाच हा धाकटा भाऊ. पायरियाचा हृदयविकाराशी काही संबंध असावा या शंकेची वैद्यकशास्त्र गेली तीन दशके आणि अधिक काळ गांभीर्याने छाननी करीत आहे. साहजिकच या धाकट्या भावाकडेही त्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे.

या विषयाच्या चर्चेत दोन प्रकारचा बेजबाबदारपणा आढळतो. हिरडीतून रक्त आले की हृदयविकाराचा झटका आलाच म्हणून समजा, अशी भीती घालून महागडे उपचार गळ्यात मारणारा एक पक्ष आहे. दाताचा आणि हृदयाचा काय संबंध, असे म्हणून सारा विषय हसण्यावारी नेणारा दुसरा. पहिला पक्ष विज्ञानाने जे सिद्ध केलेले नाही ते सिद्ध झाल्याचे भासवतो. दुसरा, जे सिद्ध झाले आहे तेही नाकारतो. या दोहोंच्या मधली वाट रुग्णाला दाखवणे हे दंतवैद्य, हृदयवैद्य आणि शासन या तिघांचेही कर्तव्य आहे, आणि आज ते नीट पार पाडले जात नाही.

स्वीडनची देणगी आणि स्वीडनचा ताळेबंद

दंतरोपणाची आधुनिक विद्या ही स्वीडनची देणगी. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे मूळचे दंतवैद्य नव्हेत. हाडातील सूक्ष्म रक्ताभिसरणाचा अभ्यास करण्यासाठी १९५२ साली लुंड येथे त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची एक छोटी कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढू गेले तो ती निघेना. हाडाने धातूला आपलेसे केले होते. या अस्थिसंयोगाचा उपयोग कृत्रिम दात बसवण्यासाठी होईल, हे त्यांनी हेरले आणि अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९६५ साली गोथेनबर्ग येथे यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले. त्यांचे ते रोपण चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. १९८२ साली टोरोंटो येथे झालेल्या परिषदेनंतर उत्तर अमेरिकेनेही ही विद्या स्वीकारली आणि पाहता पाहता ती जगभर पसरली.

लार्सन यांचे उदाहरण दंतरोपणाच्या जाहिरातींना नेहमी उपयोगी पडते. परंतु त्याच स्वीडनने नंतर जे केले त्याचा उल्लेख जाहिरातींत सापडत नाही. स्वीडनमध्ये दातांच्या उपचारांना सामाजिक विम्याचे साहाय्य असल्यामुळे कोणाला केव्हा रोपण केले याची नोंद सरकारी दप्तरी राहते. या नोंदींच्या आधारे संशोधकांनी नऊ वर्षांपूर्वी रोपण झालेल्या ५८८ व्यक्तींची तपासणी केली आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ४५ टक्के व्यक्तींमध्ये रोपलेल्या एखाद्या तरी दाताभोवती सूज आणि थोडीबहुत हाडाची झीज आढळली. दोन मिलिमीटरहून अधिक हाड गमावलेल्यांचे, म्हणजे ज्यांचा विकार मध्यम वा गंभीर म्हणावा अशांचे, प्रमाण १४.५ टक्के होते. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ साली, निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाजही फारसा वेगळा नव्हता: हिरडीपुरती सूज सुमारे ४३ टक्के लोकांत, तर हाडाची झीज सुमारे २२ टक्के लोकांत. पाहणी-पाहणीत आकडे पुष्कळच बदलतात, कारण किती झीज झाली म्हणजे रोग म्हणायचा याविषयीच मतभेद होते. तथापि एवढे निश्चित की, हा विकार अपवादात्मक नाही.

या ताळेबंदातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. दात जागच्या जागी उभा असणे आणि तो निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींतील यशाची टक्केवारी बहुधा पहिल्या गोष्टीची असते. रुग्णाचे हित मात्र दुसरीवर अवलंबून असते.

निसर्गाचे कुंपण

रोपलेला दात नैसर्गिक दातापेक्षा अधिक असुरक्षित का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. नैसर्गिक दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक नाजूक अस्तर असते. त्यातून भरपूर रक्तपुरवठा होतो आणि हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात आडवे शिरून तिथे जणू कुंपण घालतात. जंतूंची आगेकूच या कुंपणापाशी बरीचशी अडते. रोपलेल्या दाताला हे अस्तर नसते. हिरडीचे तंतू धातूत शिरू शकत नाहीत; ते त्याला समांतर उभे राहतात. रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. त्यामुळे एकदा जंतूंनी हिरडीची कड ओलांडली की हाडापर्यंतचा रस्ता त्यांना मोकळा सापडतो, आणि स्क्रूचे आटे व खरखरीत पृष्ठभाग त्यांना दडून बसायला जागा देतात.

शिवाय हा विकार मुका आहे. नैसर्गिक दात हलू लागला की माणूस सावध होतो. रोपलेला दात खालच्या टोकाशी हाडाला घट्ट जखडलेला असल्यामुळे वरचे निम्मे हाड गेले तरी हलत नाही, आणि बहुधा दुखतही नाही. ब्रश करताना रक्त येणे, हिरडी दाबली असता पू दिसणे, तोंडाला दुर्गंधी येणे, एवढ्याच काय त्या खुणा. दाताच्या वैद्याकडे दात ठणकल्याशिवाय जायचे नाही हा ज्या समाजाचा शिरस्ता, त्या समाजात असा न ठणकणारा विकार किती खोलवर जाईल याची कल्पना करता येते. पहिल्या अवस्थेत तो स्वच्छतेने पूर्ण बरा होऊ शकतो. दुसऱ्या अवस्थेत मात्र शस्त्रक्रिया करूनही तो पुन्हा उद्भवू शकतो आणि काही वेळा भरपूर पैसे मोजून बसवलेला दात काढून टाकण्याची पाळी येते.

तोंडापासून हृदयापर्यंत

आता हृदयाकडे वळू. तोंडातील जंतू आणि हृदय यांचा संबंध दोन प्रकारचा सांगितला जातो आणि या दोहोंत गल्लत होत असल्यामुळेच बराचसा गोंधळ माजतो.

पहिला संबंध निर्विवाद आहे. सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात. त्यासाठी दात उपटावा लागतो असे नाही, नुसते चावताना वा ब्रश करतानाही ते शिरतात. निरोगी माणसाचे शरीर थोड्याच वेळात त्यांचा निकाल लावते. परंतु हृदयाची झडप आधीच बिघडलेली असेल, किंवा ती बदलून कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर हे जंतू तिथे ठाण मांडतात आणि ‘एंडोकार्डायटिस’ हा हृदयाच्या अंतःस्तराचा जीवघेणा दाह उद्भवू शकतो. भारतात याचे महत्त्व विशेष आहे. लहानपणी घशाच्या संसर्गातून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने ज्यांच्या झडपा कायमच्या अधू झाल्या आहेत असे रुग्ण सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत आजही दिसतात, आणि त्यांतील कित्येक ऐन तारुण्यातले असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली या विषयीचे आपले धोरण बदलले. दाताच्या उपचारांपूर्वी सरसकट प्रतिजैविके देण्याऐवजी कृत्रिम झडप असलेले, पूर्वी हा दाह होऊन गेलेले, अशा सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांनाच ती द्यावीत, असे तिने सांगितले. त्यामागचा विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे: वर्षातून एकदा घेतलेल्या गोळीपेक्षा रोजच्या रोज तोंड निरोगी ठेवण्यानेच हृदयाचे अधिक रक्षण होते.

दुसरा संबंध रक्तवाहिन्यांचा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत मेदाचे थर साचतात, त्यांना भेग पडते, तिथे गुठळी होते आणि झटका येतो. हे थर साचण्यात दाहाचाही वाटा असतो हे आता मान्य झाले आहे. हिरड्यांत वर्षानुवर्षे धुमसत असलेला दाह या प्रक्रियेला इंधन पुरवीत असेल काय? फिनलंडमध्ये १९८९ साली शंभर हृदयविकारग्रस्तांची आणि १०२ इतर व्यक्तींची तुलना झाली, तेव्हा पहिल्या गटाच्या दातांची स्थिती अधिक वाईट असल्याचे दिसले. पुढे स्वीडनमध्ये पहिलाच झटका आलेले ८०५ रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक यांची तुलना करण्यात आली. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. पायरिया रुग्णांपैकी ४३ टक्क्यांना, तर इतरांपैकी ३३ टक्क्यांना होता. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण यांचा हिशेब वजा केल्यावरही पायरिया असलेल्यांची जोखीम सुमारे २८ टक्क्यांनी अधिक उरली.

एवढ्यावरून पायरियामुळे झटका येतो असे म्हणता येईल काय? नाही. दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. तंबाखू हिरडी कुजवते आणि हृदयही, मधुमेहाचे तेच, दारिद्र्याचे आणि वाढत्या वयाचेही तेच. एकाच नापीक जमिनीत दोन्ही रोपे खुरटतात, म्हणून एकाने दुसऱ्याला मारले असे कोणी म्हणत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेच २०१२ साली उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन सांगितले की, हिरडीचा रोग आणि रक्तवाहिन्यांचा रोग यांचे साहचर्य इतर ज्ञात कारणे वगळूनही उरते. परंतु एकामुळे दुसरा होतो किंवा हिरडीवरील उपचारांनी हृदयविकार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. नंतरच्या वर्षांत पुष्कळ संशोधन झाले तरी उपचारांनी झटका टळतो हे दाखवणारा निर्णायक पुरावा हाती आलेला नाही. उलट, काही आशादायक खुणाही आहेत. लंडनमधील १२० रुग्णांवरील एका प्रयोगात हिरड्यांवर कसून उपचार केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांचे कार्य काहीसे बिघडले. परंतु सहा महिन्यांनी ते उपचार न झालेल्या गटाहून चांगले असल्याचे आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने झटका टळल्याचे दाखवले नाही; हिरडी आणि रक्तवाहिनी परस्परांना अनोळखी नाहीत, एवढे मात्र दाखवले.

हे सारे नैसर्गिक दातांविषयी झाले. रोपलेल्या दातांविषयीचा प्रत्यक्ष पुरावा याहूनही विरळ आहे. तिथले जंतू बरेचसे त्याच कुळातले, दाह त्याच जातीचा, म्हणून परिणामही तसाच असावा, हे अनुमान तर्काला धरून आहे. पण ते अनुमानच आहे. दंतरोपणामुळे हृदयविकार होतो असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे, हे इथे स्वच्छ सांगितले पाहिजे.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

अशा वेळी घाईने निष्कर्ष काढले तर काय अनर्थ ओढवतो, याचा धडा इतिहासाने देऊन ठेवला आहे. लंडनचे एक वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० साली माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात केलेल्या भाषणात त्या काळच्या दंतवैद्यकावर कोरडे ओढले. किडक्या, पुवाने भरलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवायच्या आणि आतली घाण झाकून ठेवायची, या पद्धतीने शरीरभर रोग पसरतात, असा त्यांचा आरोप होता. त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. परंतु त्यातून पुढे जी लाट उसळली तिने विवेकाला रजा दिली. सांधेदुखी असो, अशक्तपणा असो वा मनोविकार, सर्वांचे मूळ दातांत शोधले जाऊ लागले आणि हजारो लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. अमेरिकेतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांनी तर मनोरुग्णांचे दातच नव्हेत, तर आतड्याचे भागही काढून टाकले, आणि त्यांत अनेकांचे प्राण गेले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, यातलाच तो प्रकार. पुढे पुराव्याच्या कसोटीवर तो सिद्धांत टिकला नाही, आणि मग लंबक असा दुसऱ्या टोकाला गेला की तोंडाचा उर्वरित शरीराशी काही संबंध असतो हेच वैद्यक कित्येक वर्षे विसरून गेले.

हंटर यांच्या भाषणाला शतक उलटून गेले. सोन्याच्या टोपीची जागा टायटेनियम आणि सिरॅमिकने घेतली. परंतु वरून चकचकीत आणि आतून पू, ही शक्यता संपलेली नाही. ती तपासली पाहिजे. मात्र या वेळी दात उपटण्याचा आततायीपणा टाळून.

महाराष्ट्राचे वास्तव

महाराष्ट्रातील परिस्थिती पाहिली की चिंता वाढते. जगभरच्या अनुभवाने रोपलेल्या दाताचे जे शत्रू निश्चित केले आहेत ते असे: पूर्वी होऊन गेलेला पायरिया, तंबाखू, ताब्यात नसलेला मधुमेह, दातांची अस्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव. हे सर्व इथे घरोघरी ठाण मांडून आहेत. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दाताला लावण्याची सवय खेड्यापाड्यांतील स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दात स्वच्छ होतात या समजुतीनेच ती लावली जाते, हा त्यातला दैवदुर्विलास. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, तरी पानटपरीवर तंबाखूची सद्दी संपलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. दात गमावून रोपणासाठी येणारा माणूस पुष्कळदा याच वर्गातला असतो. ज्या पायरियाने त्याचे दात नेले तो पायरिया तोंडात तसाच असताना त्याच तोंडात नवे दात रोवणे म्हणजे वाळवी न मारता नवी तुळई बसवण्यासारखे आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हा विषय मूठभर सुखवस्तूंचा आहे. ज्या देशात साधा किडका दात भरून घेण्याची ऐपत लाखोंना नाही तिथे रोपलेल्या दातांची चर्चा कशाला? हा आक्षेप वरवर न्याय्य वाटतो. पण रोपलेल्या दाताचे रक्षण करणारी साधने आणि नैसर्गिक दाताचे रक्षण करणारी साधने एकच आहेत: ब्रश, दातांच्या फटी साफ करण्याची सवय, तंबाखूचा त्याग, मधुमेहावर नियंत्रण आणि ठरलेल्या वेळी तपासणी. श्रीमंताच्या रोपणाला जे वाचवते तेच गरिबाच्या मूळच्या दाताला वाचवते, आणि तेही नगण्य खर्चात. शिवाय निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने कष्टाचे पैसे घालून बसवलेला दात चार वर्षांत काढावा लागला, तर ते नुकसान सुखवस्तूचे म्हणता येणार नाही. आरोग्यविम्याच्या बहुतेक योजना अपघाताखेरीज इतर दंतोपचारांचा खर्च उचलत नाहीत. दुसऱ्यांदा रोपण करायचे तर तो भार पुन्हा त्याच्याच शिरावर पडतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हिरडीच्या उपचारांनी हृदयविकार टळतो हे सिद्धच झाले नसेल, तर मग त्याचा एवढा बाऊ का करायचा? याचे उत्तर असे की, हिरडी निरोगी राखण्यासाठी हृदयाचे निमित्त लागतच नाही. चावता येणे, तोंडातून रक्त व पू न वाहणे, खर्चून बसवलेला दात टिकणे, ही कारणे पुरेशी आहेत. त्यातून हृदयालाही लाभ झाला तर तो पदरात पडलाच. न झाला तरी काही गमावले नाही. ज्या उपायात तोटा नाही, खर्च थोडा आहे आणि निश्चित लाभ एक तरी आहे, त्यासाठी दुसऱ्या लाभाचा अंतिम पुरावा येईपर्यंत थांबणे हे शहाणपण नव्हे. ज्याची झडप कृत्रिम आहे त्याच्या बाबतीत तर पुराव्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत; त्यांची जबाबदारी कोणी घ्यायची, एवढेच अडले आहे. रोपण करण्यापूर्वी हिरड्यांचा रोग पूर्णपणे आटोक्यात आणणे हा पहिला नियम असला पाहिजे, मग त्यासाठी रुग्णाला काही महिने थांबावे लागले तरी चालेल. एका दिवसात दात अशी घोषणा करणाऱ्यांनी हे काही महिने कुठे गेले याचा खुलासा करावा. दुसरे, रोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाला एक लेखी पत्रक मिळाले पाहिजे. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू, कोणत्या तारखेला बसवला, त्या वेळी हिरडीची खोली किती होती आणि क्ष-किरण चित्रात हाड कुठवर होते, याची नोंद त्यात असावी. बदली झालेल्या किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या माणसाच्या तोंडात नेमके काय आहे हे नव्या गावच्या वैद्याला कळत नाही. आणि मूळचे हाड किती होते हे ठाऊक नसेल तर ते किती झिजले हे कोणत्या आधारावर सांगायचे? हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाला असे कागद मिळतात. जबड्यात स्क्रू बसवलेल्याला ते का मिळू नयेत?

तिसरे, रोपणाची किंमत सांगताना पुढील तपासण्यांचा खर्चही सांगितला जावा, शक्य तर तो त्याच रकमेत धरला जावा. युरोपातील हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात रोपणानंतरची नियमित देखभाल हा उपचाराचाच भाग मानला आहे. दात विकून मोकळे होणे आणि दाताची जबाबदारी घेणे यातला फरक इथेच दिसतो. सरकारी दंत महाविद्यालयांनी आठवड्यातून एक दिवस जरी अशा देखभालीसाठी राखून ठेवला, तरी विद्यार्थ्यांना शिक्षण आणि रुग्णांना दिलासा, असा दुहेरी लाभ साधेल.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, दंतवैद्य आणि हृदयवैद्य यांच्यातली भिंत खाली आली पाहिजे. जागतिक हृदय महासंघ आणि युरोपातील हिरडीतज्ज्ञांचा महासंघ यांनी २०२० साली संयुक्त निवेदन काढून दोन्ही शाखांनी परस्परांना विचारावे असे सुचवले. इथे मात्र हृदयरुग्णाला तोंड उघडायला सांगणारा वैद्य विरळा, आणि दातासाठी आलेल्या रुग्णाला छातीचे विचारणारा दंतवैद्यही विरळाच. याचे दुष्परिणाम प्रत्यक्षात भोगावे लागतात. दात काढायचा म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण आहेत. नुकताच स्टेंट बसवलेल्या माणसाने असे केले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २००७ सालीच याविषयी एकत्रित इशारा दिला होता. या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, आणि रोपणासारखी पुढे ढकलता येण्याजोगी शस्त्रक्रिया केव्हा करायची, हे हृदयवैद्याला विचारूनच ठरले पाहिजे. एक चिठ्ठी किंवा एक दूरध्वनी एवढेच त्याला पुरे.

सुश्रुतसंहितेने दाताच्या मुळाशी होणाऱ्या रोगांची स्वतंत्र गणना केली. दात आणि हिरडी हा शरीराचाच भाग आहे, त्याचे वैद्यक निराळे काढून बाजूला ठेवता येत नाही, ही जाण या भूमीला नवी नाही. ती दवाखान्यांच्या पाट्यांवरून आणि अभ्यासक्रमांच्या चौकटींतून निसटून गेली आहे, एवढेच. शाळेत रोज सकाळी मुलांची नखे तपासणाऱ्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा त्यांच्या हिरड्याही पाहिल्या, आणि घरी मिश्रीची डबी असेल तर ती दूर सारण्याची गोष्ट मुलांमार्फत घरोघरी पोचवली, तर पुढच्या पिढीला मूळचे दातच अधिक काळ पुरतील. ज्यांना ते पुरले नाहीत आणि ज्यांनी टायटेनियमचा आधार घेतला आहे, त्यांनी एवढे करावे: ब्रशवर रक्त दिसले तर दात दुखण्याची वाट पाहू नये, आणि हृदयाचा आजार असेल तर तो दंतवैद्यापासून व रोपलेला दात हृदयवैद्यापासून लपवू नये. या दोन गोष्टी विचारल्याशिवाय उपचारांना हात घालायचा नाही, एवढा नियम दोन्ही वैद्यांनी पाळला तरी या विषयातले निम्मे संकट टळेल.